चिचबिलाईचे मूळ गाव

ही हकिगत एका काटेरी झाडाची आहे, आणि माझ्या एका चुकीची.

आमच्या यवतमाळकडे शेताच्या धुऱ्यावर चिचबिलाई हमखास दिसते. पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी, त्यामुळे ढोरे आत शिरत नाहीत. चैत्राच्या सुमारास जिलबीसारख्या वळलेल्या शेंगा उकलतात. आत पांढरा-गुलाबी गर, गोड आणि जरा तुरट. लहानपणी आम्ही तिच्या बीचे काळे साल नखाने सोलायचो, आतले तांबूस साल न दुखवता. मला ते क्वचितच साधले.

पस्तीसेक वर्षांपूर्वी दारव्हा तालुक्यातल्या एका सप्ताहात मी दृष्टांत दिला, की वनवासात प्रभू रामचंद्रांनी हीच फळे खाल्ली. मंडळी डोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे एक म्हातारे गुरुजी आले आणि हळूच म्हणाले, "महाराज, बिलाई म्हंजे विलायतीच न? मग रामाच्या काळी कशी?" मला राग आला. पोथ्या वाचलेल्याला असे विचारावे!

पुढे चौकशी केली. झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. स्पॅनिश लोकांनी ते फिलिपाईन्सला नेले. १५६५ पासून अडीचशे वर्षे त्यांची गलबते मेक्सिकोहून मनिलाला जात होती. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथाचा पहिला खंड १७९५ ते १७९८ मध्ये निघाला, त्यात हे झाड आहे. म्हणजे अठरावे शतक सरता सरता ते आपल्याकडे होते. ज्ञानोबा माउलींनी १२९६ साली समाधी घेतली, तेव्हा मात्र इकडे कोणी ते पाहिलेही नव्हते.

आणि एकट्या चिचबिलाईचेच काय? मिरची, शेंगदाणे, बटाटे, रताळी, सगळे अमेरिकेतूनच आलेले. आपल्या एकादशीच्या फराळाचे ताट पाहा, त्यातले जुने काय उरते? ते जिन्नस पंक्तीत बसले, त्यांचे कुळ कोणी विचारले नाही. मग चिचबिलाईला मीच का रामायणात नेऊन बसवले? खोट्या जुनेपणाची तिला गरज नव्हती. टाळ्यांची गरज मला होती.

पुढच्या वर्षी त्याच गावी सेवा होती. चूक कबूल करायचे ठरवून गेलो. गुरुजी पुढेच बसले होते. वीणेकऱ्याच्या पुढे उभा राहिलो आणि जीभ वळली नाही. गुरुजींनीही पुन्हा विषय काढला नाही, निघताना पिशवीभर शेंगा तेवढ्या दिल्या.

आज गुरुजी नाहीत. ते कीर्तन ऐकलेले कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी तो दृष्टांत खोडून टाकावा.