छत्री ते ओटीपी

इतिहास राजेमहाराजांचाच असतो, असं शाळेत शिकवलं. पण आमच्या गोंदियातल्या घराचा इतिहास विचाराल, तर तो छत्री, डबा आणि मोबाईल अशा तीन कालखंडांत मोडतो. मी पडलो बी. कॉम.; नोंदीशिवाय बोलत नाही.

१९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमचा जिल्हासुद्धा जन्मला नव्हता. भंडाऱ्यातून तो वेगळा निघाला १ मे १९९९ रोजी. मधल्या काळात, १९९२च्या ऑक्टोबरात, झी टीव्ही आला आणि पुढे गावोगाव काळ्या तारा घरांवरून फिरू लागल्या. कुणाच्या तरी गच्चीवर भलीमोठी छत्री! पण पाऊस आला की ही छत्रीच आधी हाय खायची. १९९५ साली सरकारने केबलचा कायदा केला; आमच्या गल्लीत मात्र कायदा म्हणजे केबलवाला. पाच तारखेला पावतीपुस्तक घेऊन तो दारात हजर.

"काऊन बाप्पा, काल मॅचमध्ये मुंग्या कशा आल्या?" बाबूजी विचारायचे.

"काकाजी, माकडानं तार ओढली ना!"

मग चहा व्हायचा. माकडाचा विषय तिथेच मिटायचा.

पुढे २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने सेट-टॉप डबा सक्तीचा झाला. २०१९ साली १३० रुपयांत १०० चॅनल, वर जीएसटी, बाकीचे निवडून घ्या, असा नियम आला. ती यादी वाचण्यापेक्षा ताळेबंद जुळवणं सोपं! तोवर सप्टेंबर २०१६मध्ये जिओ अवतरलं होतं. सुरुवातीला इंटरनेट फुकट. फुकट म्हटल्यावर तारेला कोण विचारतो?

आता घरात माणसं पाच आणि पडदेही पाच. दिवसभर काउंटरवर मी बजावतो, "ओटीपी कुणालाही सांगू नका." संध्याकाळी चिरंजीव आतून ओरडतात, "पप्पा, ओटीपी सांगा!" आणि मी मुकाट्याने सांगतो.

परवा मी केबल बंद करण्याचा हिशेब बाबूजींपुढे मांडला. वर्षाची बचत लाल शाईने अधोरेखित केली. बाबूजींनी कागद पाहिला. आई गेल्यापासून ते कमीच बोलतात.

"तो पोरगा महिन्यातून एकदा येते, पाच मिनिटं बसते," ते म्हणाले. "तुह्या त्या ॲपला चहा विचारता येते का?"

केबल चालू आहे. खर्च मी करमणुकीत धरत नाही; चहापाण्यात टाकतो.