स्वतःच्या गाडीने लुंबिनीला जाताना: सीमेवरची कागदपत्रे, विमा आणि परदेशातील वाहन परवाना

तथागतांच्या जीवनाशी जोडलेल्या चार महास्थानांपैकी बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही तीन आज भारतात आहेत. जन्मस्थान लुंबिनी मात्र नेपाळमध्ये आहे. महाराष्ट्रातून धम्मयात्रेला निघणारी अनेक कुटुंबे आता रेल्वे किंवा यात्रा कंपनीऐवजी स्वतःची गाडी घेऊन जातात. नागपूरहून जबलपूर, रीवा, प्रयागराज, सारनाथ, कुशीनगर, गोरखपूर असा रस्ता धरला की सोनौलीपर्यंत कोणी काही विचारत नाही. सोनौलीची कमान ओलांडली की पुढे लुंबिनी जेमतेम २५ किलोमीटर. पण हे २५ किलोमीटर दुसऱ्या देशातले आहेत. आपला विमा, आपला फास्टॅग आणि मोबाईलमधले डिजिलॉकर यांपैकी काहीही तिथे आपोआप चालत नाही.

बहुतेक यात्रेकरू सीमेवरच्या पावतीची चौकशी करून निघतात. ती पावती तिथे गेल्यावर मिळते. जो कागद घरूनच नेला पाहिजे आणि जो बहुतेकांकडे नसतो, तो म्हणजे नेपाळसाठी वाढवून घेतलेला गाडीचा विमा. हा लेख त्या कागदासह संपूर्ण तयारीची माहिती एकत्र देण्यासाठी आहे. शेवटी श्रीलंका, थायलंड, जपान अशा देशांत गाडी चालवायची असल्यास लागणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्याचीही माहिती दिली आहे.

माणसांची कागदपत्रे

१९५० च्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. नेपाळला जाताना भारतीयांना पासपोर्टचीही सक्ती नाही. आपण भारतीय आहोत हे मात्र दाखवता आले पाहिजे. त्यासाठी सर्वांत भक्कम कागद दोनच: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र.

आधार कार्डाबद्दल गैरसमज आहे. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांना फोटो असलेले आधार कार्ड चालते. मधल्या वयाच्या व्यक्तीने केवळ आधारवर विसंबू नये. रस्त्याच्या नाक्यावर कदाचित सोडतीलही. पण प्रवासात कोणी आजारी पडले आणि काठमांडूहून विमानाने परतायची वेळ आली, तर विमानतळावर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच मागतात. १५ ते १८ वयोगटातील ज्या मुलांकडे पासपोर्ट नाही, त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र घ्यावे.

गाडीची कागदपत्रे

पुढील सर्व कागद मूळ स्वरूपात सोबत हवेत आणि प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स प्रतीही.

पहिले, आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. भारतात वाहतूक पोलिसाला डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी दाखवता येते, कारण आपल्या मोटार वाहन नियमांत तशी तरतूद आहे. हे नियम नेपाळच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नाहीत. शिवाय रोमिंग घेतले नसेल तर सीमा ओलांडताच आपले नेटवर्क जाते आणि ॲप उघडतही नाही.

दुसरे, चालकाचे लायसन्स. नेपाळमध्ये भारतीय लायसन्स चालते, आंतरराष्ट्रीय परवान्याची गरज नाही. तिथेही गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवतात. आळीपाळीने गाडी चालवणारे दोघे-तिघे असतील तर प्रत्येकाचे मूळ लायसन्स हवे. शिकाऊ लायसन्स असलेल्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नये.

तिसरे, गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचे अधिकारपत्र. आपल्याकडे गाडी वडिलांच्या, भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर असते आणि यात्रेला दुसराच कोणी घेऊन जातो. घरात याचे कोणाला काही वाटत नाही, पण परक्या देशातल्या नाक्यावर आरसीवरचे नाव आणि समोरचा माणूस जुळत नसेल तर प्रश्न विचारले जाणारच. गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, प्रवासाच्या तारखा आणि नेपाळला नेण्याची संमती लिहिलेले सहीचे पत्र व मालकाच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी. पत्र नोटरी केलेले असेल तर उत्तम.

चौथे, गाडीवर कर्ज असेल तर कर्जाचा करार वाचावा. वित्तसंस्थेच्या लेखी परवानगीशिवाय गाडी देशाबाहेर नेऊ नये, अशी अट त्यात असू शकते. अट असेल तर निघण्यापूर्वी संस्थेकडून ना-हरकत पत्र घ्यावे.

पाचवे, चालू मुदतीचे पीयूसी आणि विम्याची छापील प्रत.

विमा: सर्वात जास्त दुर्लक्षित कागद

भारतात घेतलेली वाहन विमा पॉलिसी मुळात भारताच्या भौगोलिक क्षेत्रापुरती असते. पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर तसे लिहिलेलेही असते, पण ते वाचतो कोण? परिणामी सोनौलीपर्यंत संपूर्ण संरक्षण असलेली गाडी सीमा ओलांडताच विम्याविना धावू लागते. रस्त्यात कोणाला धक्का लागला, कोणी जखमी झाले, तर भरपाई आपल्या खिशातून द्यावी लागते. समझोता होईपर्यंत गाडी आणि चालक दोघेही अडकून पडू शकतात. आयुष्यभराच्या बचतीतून किंवा कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर हा धोका लहान नाही.

यावर सोय आहे आणि ती महागडी नाही. भारतीय मोटार विम्यात ठरावीक जादा हप्ता भरून पॉलिसीचे भौगोलिक क्षेत्र वाढवून घेता येते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या सहा शेजारी देशांसाठी ही तरतूद आहे. विमा कंपनीच्या शाखेत किंवा एजंटकडे ‘जिओग्राफिकल एक्स्टेन्शन’ हवे असे सांगावे. कंपनी पॉलिसीला जोडपत्र देते, त्यावर देशाचे नाव आणि मुदत लिहिलेली असते. हे जोडपत्र हाती पडल्याशिवाय निघू नये. ‘चालतंय की’ असे एजंटने फोनवर सांगितले म्हणून दावा मंजूर होत नाही. ऑनलाइन घेतलेल्या पॉलिसीत हे काम एका दिवसात होईलच असे नाही, म्हणून निदान दोन आठवडे आधी लागावे.

भाड्याच्या गाडीबाबत आणखी एक धोका आहे. वस्तीतली पंधरा-वीस माणसे वर्गणी काढून गाडी ठरवतात आणि स्वस्त पडते म्हणून पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी घेतात. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणे कायद्याने चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी नेमके याच मुद्द्यावर दावा नाकारू शकते. पिवळ्या प्लेटच्या प्रवासी वाहनाला नेपाळसाठी स्वतंत्र परमिट लागते. ते काढण्याची जबाबदारी वाहनमालकाची आहे. पूर्ण पैसे देण्यापूर्वी ते परमिट आणि विम्याचे जोडपत्र प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

सीमेवर काय करावे लागते

सोनौली हे उत्तर प्रदेशातल्या महाराजगंज जिल्ह्यातले गाव. गोरखपूरहून सुमारे ९० किलोमीटर. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्रे आणि सामान पाहतात. पलीकडे बेलहिया येथे नेपाळचे सीमाशुल्क कार्यालय आहे. सीमाशुल्काला नेपाळीत ‘भन्सार’ म्हणतात. गाडीचा परवाना इथेच मिळतो. आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र दाखवून किती दिवस राहणार ते सांगायचे, दिवसाच्या हिशेबाने शुल्क भरायचे आणि पावती घ्यायची. दुचाकी आणि चारचाकीचे दर वेगळे असतात आणि ते बदलत राहतात. जुन्या व्हिडिओतला आकडा धरून वाद घालण्यात अर्थ नाही. त्यानंतर वाहतूक प्रवेशाची नोंद करावी लागते.

त्याच दिवशी परतणाऱ्या गाड्यांसाठी ‘सुविधा’ नावाची पावती असते. ती सीमेलगतच्या भागापुरती असते. ती घेऊन पोखरा किंवा काठमांडूकडे जाता येत नाही. मुक्काम करायचा असेल तर भन्सारच करावा.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

पावतीवरची तारीख नेपाळी विक्रम संवताची असते. त्यांचे साल आपल्यापेक्षा ५६-५७ वर्षे पुढे आणि महिनेही वेगळे. परतण्याची शेवटची तारीख इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे कोणती, ते तिथेच विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवावे.

दिवस मागताना जाण्याचा आणि परतण्याचा, दोन्ही दिवस धरावेत आणि एक दिवस जास्त घ्यावा. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर तोच दिवस कामी येतो. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी भन्सार कार्यालय गाठावे. मुदत उलटल्यावर दंड होतो आणि गाडी अडवली जाऊ शकते. भारतीय खासगी गाडीला वर्षभरात एकूण ३० दिवसांचीच मर्यादा आहे.

नाक्याच्या आसपास फॉर्म भरून देणारे लोक असतात. त्यांची मदत घ्यायला हरकत नाही, पण पैसे अधिकृत पावतीवरच्या आकड्याइतकेच शुल्क म्हणून द्यावेत. मूळ आरसी कोणाच्या हाती देऊन चहाला जाऊ नये.

नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे. शक्यतो सकाळी सीमेवर पोहोचावे.

भारतीय १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून कायम आहे. मोठ्या भारतीय नोटांचे नियम अनेकदा बदलले आहेत, म्हणून १०० च्या नोटा सोबत ठेवणे सोयीचे. शुल्कासाठी रोख रक्कमच ठेवावी.

दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत नेपाळचे वाहतूक पोलीस फार कडक आहेत. धम्मयात्रेला निघालेल्या उपासकाला पाचव्या शीलाची आठवण करून द्यायची गरज नसावी. पण भाड्याच्या गाडीच्या चालकाला ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगावी.

अपघात झालाच तर गाडी घेऊन पळू नये. नेपाळमध्ये पोलिसांसाठी १०० आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ हा क्रमांक आहे. पोलिसांकडून घटनेची लेखी नोंद घ्यावी, फोटो काढावेत आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. लेखी नोंदीशिवाय परत आलेल्या गाडीचा दावा उभाच राहत नाही.

इतर देशांत गाडी चालवायची असेल तर

भूतानमध्येही भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर प्रवेश परवाना मिळतो. प्रत्येक रात्रीसाठी माणशी १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे आणि गाडीचा परवाना वेगळा काढावा लागतो. विम्याचे जोडपत्र तिथेही हवेच.

श्रीलंका, थायलंड, जपान इथे आपण स्वतःची गाडी नेत नाही, भाड्याने घेतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारानुसार दिला जातो आणि भारत त्या करारात आहे. आपल्या पत्त्याच्या आरटीओकडे ‘सारथी’ संकेतस्थळावरून नमुना ४-अ भरून अर्ज करायचा. मूळ लायसन्स, पासपोर्ट, फोटो आणि १००० रुपये शुल्क लागते. परवाना एक वर्षासाठी असतो. त्याआधी मूळ लायसन्स संपत असेल तर तो तिथवरच चालतो. ऑगस्ट २०२२ पासून देशभर त्याचा नमुना एकसारखा झाला असून त्यावर क्यूआर कोड असतो. परदेशात असताना मुदत संपल्यास भारतीय दूतावासामार्फत नव्याने अर्ज करण्याची सोय जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने झाली आहे. नोकरी-शिक्षणासाठी बाहेर असलेल्या आपल्या मुलामुलींना हे कळवावे.

हा परवाना म्हणजे मूळ लायसन्सची जागा घेणारा कागद नव्हे. दोन्ही सोबत हवेत. काही मिनिटांत ‘इंटरनॅशनल लायसन्स’ देणाऱ्या खासगी संकेतस्थळांची रंगीत पुस्तिका कायद्याने परवाना ठरत नाही.

देशागणिक फरकही आहेत. श्रीलंकेत या परवान्याला स्थानिक मान्यता घ्यावी लागते. कोलंबोच्या ऑटोमोबाईल असोसिएशन ऑफ सिलोनकडून ती मिळते. थायलंडमध्ये स्कूटर भाड्याने सहज मिळते, पण आपल्या परवान्यावर दुचाकीचा वर्ग नसेल तर अपघातानंतर प्रवास विमाही हात वर करतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेलाच परवाना मानतो, त्यामुळे भारताचा परवाना तिथे उपयोगी नाही. चीनमध्ये आंतरराष्ट्रीय परवाना चालतच नाही. या दोन देशांत चालकासह गाडी घेणे शहाणपणाचे.

निघण्यापूर्वी एकदा तपासा

एक महिना आधी: मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट सर्वांकडे आहे का, त्यावरचे नाव बरोबर आहे का, लायसन्स आणि आरसीची मुदत किती आहे.

दोन आठवडे आधी: विम्याचे जोडपत्र, मालकाचे अधिकारपत्र, कर्ज असल्यास ना-हरकत पत्र.

आदल्या दिवशी: सर्व मूळ कागद एका फाईलमध्ये, झेरॉक्स दुसऱ्या फाईलमध्ये, रोख रक्कम, आणि घरी राहणाऱ्या कोणाकडे तरी या सर्वांचे फोटो.

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, तेव्हा आपल्या समाजातल्या किती घरांपुढे स्वतःची गाडी उभी होती? आज तिसऱ्या-चौथ्या पिढीतली मुले आई-वडिलांना आपल्या गाडीतून मायादेवी मंदिर आणि सम्राट अशोकाचा स्तंभ दाखवायला नेत आहेत. त्या आई-वडिलांना सुखरूप परत आणण्याच्या तयारीत विम्याचे ते एक पान विसरू नये.