विकायला नसलेल्या घरांचं संकेतस्थळ

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. त्याने नाशिकमध्ये फ्लॅट आणि प्लॉटच्या खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ सुरू केलंय. म्हणाला, "ताई, तू घरांच्या किमतींच्या मॉडेलवरच पीएचडी करतेस ना? मग आमच्या साइटवर प्रत्येक घरासमोर एक आकडा टाकून दे. लोक धावत येतील."

लोक खरंच धावत येतात. हे एकदा घडून गेलंय, आणि पुढे काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. म्हणून आज मॉडेलचं गणित कमी आणि इतिहास जास्त.

गोष्ट अमेरिकेतल्या सिएटलची. रिच बार्टन आणि लॉइड फ्रिंक हे मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेले दोघं. बार्टनने त्याआधी एक्स्पीडिया हे प्रवासाचं संकेतस्थळ उभं केलेलं. ८ फेब्रुवारी २००६ रोजी त्यांनी 'झिलो' लोकांसाठी खुलं केलं.

आता अडचण बघा. घरांच्या कुठल्याही नव्या साइटपुढे कोंबडी आधी की अंडं हा प्रश्न असतोच. घरं नाहीत म्हणून गिऱ्हाईक येत नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणून एजंट घरं टाकत नाहीत. त्यात अमेरिकेत विक्रीच्या घरांच्या याद्या एजंटांच्या सामायिक यंत्रणेत असायच्या. नवख्याला तिथे सहज शिरकाव नव्हता.

झिलोने वेगळीच वाट धरली. विकायला नसलेली घरंच दाखवायची! अमेरिकेत मालमत्ता कराच्या नोंदी काउंटीच्या दप्तरात असतात आणि बहुतेक ठिकाणी त्या सार्वजनिक असतात. घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, कराचं मूल्यांकन हे तिथे मिळतं, आणि अनेक राज्यांत मागच्या विक्रीची किंमतही. टेक्साससारख्या काही राज्यांत मात्र विक्रीची किंमत जाहीर करण्याचं बंधन नाही. या नोंदी गोळा करून त्यांनी सुरुवातीलाच चार कोटींच्या आसपास घरांसमोर अंदाजे किंमत टाकली आणि तिला नाव दिलं 'झेस्टिमेट'.

पहिल्याच दिवशी इतकी गर्दी झाली की काही तासांत साइट बसली. हे सगळे काही घर घ्यायला आलेले नव्हते. आधी स्वतःच्या घराची किंमत बघायची, मग शेजाऱ्याच्या, मग साहेबांच्या. माणूस सगळीकडे सारखाच! जाहिरातीचं काम कुतूहलानेच केलं. आकडा चुकला तर लोक चिडायचे, चारचौघांत बोलायचे आणि त्यातूनही नवे लोक यायचे. पुढे मालकांना आपल्या घराची माहिती दुरुस्त करायची सोय मिळाली. एक बाथरूम वाढवलंय, नोंद करा. म्हणजे विदा सुधारायचं काम लोक फुकटात करू लागले. उत्पन्न यायचं ते मुख्यतः एजंटांच्या जाहिरातींतून. २०११ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि २०१५ मध्ये तिने 'ट्रुलिया' हा मोठा प्रतिस्पर्धीच विकत घेतला.

आता माझ्या विषयाकडे येते. सुरुवातीला झेस्टिमेटची मध्यक चूक सुमारे १४ टक्के होती. याचा अर्थ, निम्म्या घरांच्या बाबतीत आकडा याहूनही जास्त चुकत होता. दहा-अकरा वर्षांत ती सुमारे ५ टक्क्यांवर आली. हे मोठंच काम आहे. पण मध्यक म्हणजे मधला माणूस. टोकाचे लोक त्यात दिसत नाहीत. २०१६ मध्ये झिलोचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्पेन्सर रॅस्कॉफ यांनी सिएटलमधलं स्वतःचं घर १०.५ लाख डॉलरना विकलं. त्यांच्याच साइटवर त्या घरासमोर साडेसतरा लाखांचा आकडा होता!

तरीही तोवर फार बिघडलं नव्हतं, कारण तो आकडा गप्पांचा होता. २०१८ मध्ये झिलो स्वतः घरं विकत घेऊ लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये काही शहरांत निवडक घरांसाठी झेस्टिमेट हीच सुरुवातीची रोख ऑफर झाली. गर्दी जमवणाऱ्या आकड्यावर आता पैसे लागले.

इथे एक साधं गणित आहे. समजा, दोन घरं आहेत आणि दोन्हींची खरी किंमत ३ लाख डॉलर. मॉडेल एकाला २ लाख ८० हजार म्हणतं, दुसऱ्याला ३ लाख २० हजार. सरासरी चूक शून्य! पण घर विकायला कोण तयार होईल? दुसराच. पहिला म्हणेल, राहू द्या. म्हणजे मॉडेल सरासरीला बरोबर असलं तरी तुमच्या पदरात मुख्यतः जास्त किंमत लावलेलीच घरं पडतात. शिवाय मालकाला गळकं छप्पर माहीत असतं, मॉडेलला नसतं.

झिलोच्या तोट्याचं हे एकमेव कारण नव्हतं. बाजाराचा वेग बदलला, दुरुस्तीला माणसं मिळेनात, आणि खरेदीही झपाट्याने झाली होती. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये हा धंदा बंद करायची घोषणा झाली. त्या एका तिमाहीत हाती असलेल्या घरांचं मूल्य सुमारे ३० कोटी डॉलरने कमी दाखवावं लागलं आणि जवळपास २५ टक्के कर्मचाऱ्यांना घरी बसावं लागलं. बार्टन यांनीच कबूल केलं की किमतींचं भाकीत वाटलं होतं त्याहून बरंच बेभरवशाचं निघालं.

भावाला मी आकडा देणार आहे, पण एकटा नाही. किंमत 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी दिसेल आणि आजूबाजूच्या किती व्यवहारांवरून ती काढली तेही दिसेल. तीनच व्यवहार असतील तर तीन असंच लिहायचं. आपल्याकडे हे जास्तच गरजेचं आहे. नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक २ मध्ये मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे रकाने असतात. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला असतो, पण अनेक जण तीच घराची किंमत समजून बसतात.

भाऊ नाराज झाला. "असं लिहिलं तर कोण येणार?" म्हणाला. कमी येतील, हे मलाही मान्य आहे. पण त्यांच्यापैकी एखादा त्याच आकड्यावर आयुष्यभराची पुंजी लावणार आहे, आणि तो आकडा मी काढलेला असेल.