संशय विषाणूवर, दोषी ऑक्सिजन

१९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिलं की गरोदरपणात आईला रुबेला झाला, तर बाळ मोतीबिंदू घेऊनच जन्मू शकतं. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत अंधत्वाचा नवाच प्रकार नोंदवला: भिंगामागे पांढुरका पडदा. साहजिकच संसर्ग, जीवनसत्त्वं, उजेड, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. ऑक्सिजनवर कोण घेणार? तो तर औषध!

गंमत म्हणजे (गंमत कसली!) आजार जास्त दिसायचा तो सुसज्ज हॉस्पिटलांतच. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या गॅलिंगर हॉस्पिटलात अर्नॉल पॅट्झ आणि लेरॉय होएक यांनी बाळांचे दोन गट केले, एकाला भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला गरजेपुरता. सरकारी अनुदान मिळेना, कारण ऑक्सिजन कमी करणं म्हणजे जिवाशी खेळ. पॅट्झनी भावाकडून पैसे उसने घेतले. आणि रात्रपाळीच्या काही नर्स कमी ऑक्सिजनवाल्या बाळांचा नळ गुपचूप वाढवून ठेवायच्या. मला त्यांचा राग येत नाही. समोर इवलंसं बाळ धापा टाकतंय, तेव्हा संशोधनाचा आराखडा कोणाला आठवेल?

तरीही फरक दिसलाच. १९५३-५४ मध्ये १८ हॉस्पिटलांनी मिळून केलेल्या चाचणीत तो पक्का झाला. लंडनमध्ये नॉर्मन ॲश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांवर कारणही शोधलं: जास्त ऑक्सिजनमध्ये रेटिनाच्या कोवळ्या रक्तवाहिन्या आक्रसून बंद पडतात, आणि बाळ साध्या हवेत आलं की त्या वेड्यावाकड्या फोफावतात.

मग सगळीकडे ऑक्सिजन आखडता घेतला गेला. डोळे वाचले, पण श्वासाविना बाळं दगावू लागली. १९७३ मध्ये केनेथ क्रॉस यांनी 'लॅन्सेट'मध्ये हिशोब मांडला: एका बाळाची दृष्टी वाचवताना साधारण १६ मृत्यू. हा अंदाजच होता, पण तो वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला होता.

आता पल्स ऑक्सिमीटर आहे, म्हणजे प्रश्न सुटला असं वाटेल. २०१० च्या 'सपोर्ट' चाचणीत बाळांचं सॅच्युरेशन ८५ ते ८९ किंवा ९१ ते ९५ टक्के ठेवायचं ठरलं होतं. कमीवाल्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार जवळपास निम्म्याने घटला. मृत्यू मात्र त्याच गटात जास्त झाले.