चार ट्रॅक, एक स्कूटर आणि गोव्याचा अल्बम

कॉन्सेप्ट अल्बम म्हणजे सुटी गाणी एका कॅसेटमध्ये कोंबलेली नव्हेत. सगळी मिळून एकाच गोष्टीवर बोलणारी. आपल्या शहरावरच्या अशा रॉक अल्बमचं उदाहरण द्यायचं झालं तर लोक लू रीडचा १९८९ चा 'न्यू यॉर्क' सांगतात. रीडचा जन्म ब्रुकलिनचा. अल्बममध्ये १४ गाणी, आणि पुस्तक किंवा सिनेमासारखा तो एका बैठकीत ऐका, अशी त्याची सूचना.

पण त्याच्या पाच वर्षं आधी आपल्या शेजारी असं काही घडलं होतं. मुंबईत नाही, गोव्यात. रेमो फर्नांडिस यांचा 'गोअन क्रेझी', साल १९८४. रेमो १९५३ साली पणजीत जन्मले, मुंबईत आर्किटेक्चर शिकले, आणि परत जाऊन शिवोलीच्या घरात त्यांनी हा अल्बम स्वतः रेकॉर्ड केला. वाद्यं त्यांचीच, सगळे आवाज त्यांचे, कव्हरचं चित्रही त्यांचं. तयार कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून ते स्वतः गोव्यातल्या दुकानांत पोचवायचे.

हा किस्सा 'जिद्दी कलाकार' म्हणून सगळे सांगतात. मला तो तसा पुरेसा वाटत नाही. संशोधकानं विचारायचं ते असं: हे १९८४ मध्येच का जमलं? आणि स्टुडिओ मुंबईत असताना शिवोलीत का?

फिजिक्स शिकून इतिहासाकडे आल्यामुळे असेल, माझी नजर आधी यंत्राकडे जाते. रेमोंकडे टीएसीचा पोर्टास्टुडिओ होता. हे यंत्र १९७९ साली बाजारात आलं. साधी कॅसेट एका बाजूला दोन ट्रॅक वाजवते, मग उलटवायची. पोर्टास्टुडिओ टेपची पूर्ण रुंदी वापरून चारही ट्रॅक एकाच दिशेनं भरतो, आणि आवाज बरा यावा म्हणून टेप दुप्पट वेगानं पळवतो. म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम १५ मिनिटं मावतात. चारपेक्षा जास्त आवाज हवे असतील तर? तीन ट्रॅक भरायचे, ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे, मोकळ्या तीनांवर पुन्हा भरायचं. दरवेळी थोडी खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही. एकट्या माणसाचा बँड असा तयार होतो. त्यामुळे जुन्या घरगुती रेकॉर्डिंगमधली खरखर ऐकून नाक मुरडू नका; काम कसं झालं याचा तो पुरावाच आहे.

आता दुसरी बाजू, बाजाराची. ग्रामोफोन रेकॉर्ड दाबायला कारखाना लागतो, म्हणून आपल्याकडे बराच काळ काय छापायचं हे एचएमव्हीसारखी कंपनी ठरवत असे. कॅसेटची नक्कल मात्र दोन डेक जोडले की घरीही होते. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातल्या या बदलावर 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक १९९३ मध्ये लिहिलं. सिनॉप्सिस लिहिण्याआधी ते वाचाच. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. देशभर विकायचं असेल तर गाणं सगळ्यांना कळेल असं लागतं. फक्त गोव्यात, ३,७०२ चौरस किलोमीटरमध्ये, सुमारे १० लाख लोकांत विकायचं असेल तर गाणं गोव्यापुरतं असलं तरी चालतं. इथे विषय वितरणानं मोकळा केला.

उदाहरण बघा. या अल्बममधल्या 'ओड टू ग्रॅहम बेल'मध्ये टेलिफोनच्या दुरवस्थेची टर उडवली आहे. त्याच वर्षी, ऑगस्ट १९८४ मध्ये, केंद्र सरकारनं देशी टेलिफोन एक्सचेंज बनवण्यासाठी सी-डॉट स्थापन केलं. गाण्यामुळे सी-डॉट आलं असं अर्थातच नाही (असं लिहिलंत तर व्हायव्हात सोलून काढतील!). पण सरकारी फायलीत 'प्रतीक्षा यादी' म्हणून दिसणारी गोष्ट गाण्यात वैताग म्हणून दिसते. दोन्ही शेजारी ठेवल्या की इतिहासाला आवाज येतो.

हे सगळं तुमच्या गावात कसं शोधायचं? मी समुद्रपूरची, तर इथलंच सांगते. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला येणारे भाविक त्या काळात कोणत्या कव्वाल्यांच्या कॅसेटी विकत घेत होते? हिंगणघाटच्या बाजारात भजनांच्या कॅसेटी कोण भरून द्यायचं? यातल्या किती गाण्यांत आपल्या गावाचं नाव होतं? यांची उत्तरं ग्रंथालयात सापडणं कठीण. ती कपाटावरच्या पेटीत आहेत. टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट थर दमटपणानं खराब होतो, आणि पेटी भंगारात गेली की संपलंच.

म्हणून एक काम याच सुट्टीत करा. अशी कॅसेट सापडली तर लगेच जुन्या डेकमध्ये घालू नका, टेप गुंतून तुटते. आधी आतला कागद दोन्ही बाजूंनी फोटोत घ्या: गायकाचं नाव, किंमत, प्रेसचा पत्ता, हातानं लिहिलेलं काही असेल तर तेही. मग बुरशी आहे का ते बघा. आणि ती कुणाकडून, कधी विकत घेतली, हे घरातल्या मोठ्यांना विचारून त्याच दिवशी वहीत लिहा.