एका फोटोचा खर्च: वसई-विरारमधल्या स्वस्त कॅमेऱ्याचा इतिहास

वसईच्या छायाचित्रांचा इतिहास सांगणारे सहसा किल्ल्यापासून सुरुवात करतात, आणि त्यात चूक काही नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, १८६७ च्या एप्रिलमध्ये विरार ते बॅक बे अशी रेल्वेगाडी सुरू झाली, आणि १८७६ मध्ये डॉ. गेर्सन दा कुन्हा यांनी चौल आणि वसई यांच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तो छायाचित्रांसह. पण पडक्या चर्चच्या कमानींचे हे फोटो म्हणजे संशोधकांचा, सरकारी खात्यांचा आणि ऐपतदार हौशी लोकांचा इतिहास. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर इथल्या घराघरांत कपाटाच्या वरच्या फळीवर जे अल्बम पडून आहेत, त्यांचा इतिहास वेगळा आहे, आणि तो बेताच्या पैशांत घेतलेल्या लहानशा कॅमेऱ्यांनी घडवला आहे. हे कॅमेरे लोकांनी काय पाहून निवडले, हा प्रश्न किरकोळ समजला जातो. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण कोणता प्रसंग टिपला गेला आणि कोणता कायमचा हरवला हे त्या निवडीने ठरवले. माझे म्हणणे असे की कॅमेऱ्याची किंमत एकदाच मोजावी लागे. जपून पैसा खर्चणाऱ्या घराचा खरा हिशेब होता तो एका फोटोला पडणाऱ्या खर्चाचा. रोल, धुलाई, छपाई, सेल, कार्ड, दुरुस्ती हे सारे धरून जो कॅमेरा परवडला, तोच इथे रुळला.

स्वातंत्र्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे आयातीवर कडक निर्बंध होते आणि परदेशी कॅमेरा सर्वसाधारण पगारदाराच्या आवाक्यात नव्हता. या काळात भारतभर जो कॅमेरा पसरला तो आग्फा क्लिक थ्री. न्यू इंडिया इंडस्ट्रीज ही कंपनी तो बडोद्याला बनवत असे, म्हणजे वसई रोड स्टेशनावरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर. त्यात १२० चा रोल बसे आणि सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघत. भिंग साधे, फोकस करण्याची भानगड नाही. पण त्याचे खरे सामर्थ्य निगेटिव्हच्या आकारात होते. एवढी मोठी निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून त्याच मापाचा फोटो छापता येतो, त्यासाठी एन्लार्जर लागत नाही. लहान गावातल्या स्टुडिओलाही हे काम जमणारे होते आणि छपाई स्वस्तात होई. पुढे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले आणि ‘इंदू’ नावाने देशी फिल्मही मिळू लागली. यंत्र देशी, फिल्म देशी, छपाई जवळची. क्लिक थ्री टिकला तो या साखळीमुळे, भिंगाच्या गुणांमुळे नव्हे.

या कॅमेऱ्याची मर्यादाही फोटोंत स्पष्ट उतरली. त्याला भरपूर ऊन लागे. त्यामुळे घरच्या माणसाने काढलेला जुना फोटो बहुधा अंगणातला, चर्चच्या पायऱ्यांवरचा, वाडीतल्या केळीपुढचा किंवा समुद्रकिनाऱ्यावरचा असतो. माजघर, चूल, आजारी माणसाची खाट, रात्रीचा मांडव यांचे चित्रण फ्लॅशवाल्या स्टुडिओ फोटोग्राफरच्या हाती राहिले, आणि तो लग्नाखेरीज क्वचितच बोलावला जाई. बारा फोटोंचा रोल सणापासून सणापर्यंत पुरवायचा म्हटल्यावर रोजचे काम कोण टिपणार? वसईच्या बागायतीचे, रहाटांचे, भाजी-फुले घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या बायकांचे घरगुती फोटो दुर्मिळ आहेत ते यामुळे. इथल्या कुपारी ख्रिस्ती समाजातल्या बायकांचे लाल लुगडे तर कृष्णधवल फिल्मवर नुसते करडे दिसते. त्या लालीचा घरगुती पुरावा रंगीत रोल आवाक्यात आल्यावरच तयार झाला, आणि तोवर ते लुगडे रोज नेसणाऱ्यांची संख्या घटू लागली होती.

ऐंशीच्या दशकात आलेला हॉटशॉट हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा आहे. फोटोफोन कंपनीचा हा खिशात मावणारा कॅमेरा ‘खटॅक’ या जाहिरातीने घरोघरी माहीत झाला. त्याला ११० ची बंद डबी लागे. आत टाकली की झाले, रोल उलटसुलट बसण्याची भीती नाही. वापरायला यापेक्षा सोपा कॅमेरा तेव्हा नव्हता. पण ११० ची निगेटिव्ह जेमतेम तेरा बाय सतरा मिलिमीटरची, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या फ्रेमच्या पावहिश्शाइतकीच. तिच्यावरून पोस्टकार्ड साइजचा फोटो काढला की दाणे दिसू लागत, आणि डबीत फोटोही थोडेच. याउलट त्याच सुमारास पसरलेला याशिका एमएफ-टू आणि शतकाच्या अखेरीस आलेला कोडॅकचा केबी-टेन यांत ३५ मिलिमीटरचा ३६ फोटोंचा रोल बसे, फ्लॅश अंगचाच असे आणि त्याला दोन पेन्सिल सेल पुरत. रंगीत लॅब उपनगरांत जागोजागी निघाल्या होत्या, त्यांची यंत्रे याच फिल्मसाठी बसवलेली होती. यंत्रासाठी जास्त पैसे मोजूनही लोक ३५ मिलिमीटरकडे वळले, कारण तिथे फोटो स्वस्त आणि स्वच्छ पडत होता. फ्लॅशमुळे फोटो पहिल्यांदा अंगणातून घरात आला, हा तर मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल वाटतो.

यावर आक्षेप घेता येईल की लोक इतके हिशेबी नसतात. आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाने आणलेला जपानी कॅमेरा गळ्यात अडकवण्यात जी प्रतिष्ठा होती, ती या विवेचनात कुठे आहे? प्रतिष्ठा होतीच. पण ती विकत घेण्याला लागू पडते, वापरण्याला नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या देखण्या कॅमेऱ्याला पाऱ्याची विशिष्ट बॅटरी लागे. ती मिळेनाशी झाली की अप्रतिम भिंगाचा कॅमेरा शोकेसमध्ये जाऊन बसे आणि पाहुण्यांचे फोटो पेन्सिल सेलच्या साध्या कॅमेऱ्याने निघत. शिवाय हा प्रदेश बचतीला नवखा नव्हता. बॅसीन कॅथलिक सहकारी बँक इथे १९१८ पासून आहे. पैसे साठवून, विचारपूस करून वस्तू घेण्याची सवय तिच्या खातेदारांना कॅमेरा घेताना सुटली असेल असे मानायला कारण नाही.

डिजिटल कॅमेरा आला तेव्हा रोल गेला, धुलाई गेली. मग फोटोला पडणाऱ्या खर्चाचा मुद्दाच संपला का? संपला नाही, त्याची जागा बदलली. माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या जागतिक करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला होता आणि त्या यादीत डिजिटल स्थिरचित्र कॅमेरे होते. २००५ पर्यंत त्यांच्यावरचे मूळ सीमाशुल्क शून्यावर आले. आखाती पाहुण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. चर्चगेटचा पास खिशात असलेल्या वसई-विरारच्या नोकरदाराला फोर्टमधला बोरा बाजार कार्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. तिथे समोर दोन वाटा असत. कॅनन पॉवरशॉटची ‘ए’ मालिका किंवा निकॉन कूलपिक्सची ‘एल’ मालिका, जाडजूड, पेन्सिल सेलवर चालणारी. नाहीतर सोनी सायबरशॉटसारखा सडपातळ कॅमेरा, ज्याची बॅटरी वेगळी आणि त्या काळी कार्डही कंपनीचे स्वतःचे. ऑलिम्पस आणि फुजीफिल्म यांचे एक्सडी कार्ड २००२ मध्ये आले. तेही त्याच जातीचे. पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळत, पण साधे झिंक-कार्बनचे सेल डिजिटल कॅमेऱ्यात थोड्याच फोटोंत मान टाकत. म्हणून जाणत्याचा सल्ला असे: चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर कॅमेऱ्याबरोबरच घ्या, आणि मोठे एसडी कार्डही. डब्यातून येणाऱ्या १६ एमबीच्या कार्डात तीन मेगापिक्सेलचे उत्तम दर्जाचे जेमतेम दहा-बारा फोटो मावत, आग्फाच्या रोलइतकेच.

या काळात मेगापिक्सेलच्या आकड्याने लोकांना भुलवले, हे मात्र मी मान्य करतो. चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला तीनशे ठिपके धरून छापायला २१ लाख ६० हजार पिक्सेल पुरतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या किंचित वर. अल्बमसाठी फोटो काढणाऱ्याला दहा-बारा मेगापिक्सेलचा काही उपयोग नव्हता. उलट नखाएवढ्या सेन्सरवर ठिपक्यांची गर्दी झाल्याने संध्याकाळच्या उजेडात फोटो डागाळत. इथे खरेदीदार चुकला, कारण फोटोचा खर्च त्याला समजत होता आणि फोटोचा दर्जा मोजायला दुकानदाराने एकच आकडा हाती दिला होता. ऑप्टिकल झूम आणि डिजिटल झूम यांतला फरकही अनेकांना पैसे गेल्यावर कळला.

हिशेबातली आणखी एक बाब किनारपट्टीची. ऑक्टोबर २००५ मध्ये एकामागोमाग एक कॅमेरा कंपन्यांनी जाहीर केले की त्यांच्या काही मॉडेल्समधला सोनीच्या बनावटीचा सीसीडी सेन्सर उष्ण आणि दमट हवेत निकामी होऊ शकतो. कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, ऑलिम्पस, खुद्द सोनी, सगळ्यांचे कॅमेरे त्यात होते. अर्नाळा ते नायगाव पट्ट्यात वर्षातले कितीतरी महिने हवा अशीच असते. भिंगात धरणारी बुरशी आणि सेलच्या कप्प्यात चढणारा गंज हे इथल्या कॅमेऱ्यांचे जुनेच दुखणे. स्वस्त कॅमेऱ्याच्या दुरुस्तीला त्याच्या किमतीच्या निम्मे पैसे पडू लागले की तो दुरुस्त होत नाही; म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी हाही इथल्या कॅमेऱ्याच्या किमतीचा भाग धरायला हवा.

शेवटचा आक्षेप मोबाइलचा. स्वस्त कॅमेऱ्याचा हिशेब मोबाइलने कालबाह्य केला, असे म्हणतात. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे तसे दाखवतात खरे: २०१० मध्ये तिच्या सदस्यांनी जगभर पाठवलेले न बदलणाऱ्या भिंगाचे कॅमेरे १० कोटी ८५ लाखांच्या घरात होते, २०२३ मध्ये ते १७ लाखांवर आले. पण मोबाइल जिंकला तो कशामुळे? सुरुवातीच्या मोबाइलचे फोटो साध्या पॉवरशॉटपुढे फिके होते. तरीही लोकांनी तो स्वीकारला, कारण फोन घ्यायचाच होता आणि त्यातला प्रत्येक फोटो फुकट होता. माझा मुद्दा यामुळे खोडला जात नाही, उलट पक्का होतो.

या सगळ्याला इथे एक वेगळे वजन आहे. चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली, आणि डिजिटल कॅमेऱ्यांचा जगभरचा एकूण खप पुढच्याच वर्षी कळसाला पोहोचला. शेते, मिठागरे, बावखले म्हणजे गावतळी बुजून इमारती उभ्या राहत होत्या त्या वर्षांचे घरगुती चित्रण याच कॅमेऱ्यांत आहे. आता तरुण मंडळी जुने सीसीडी कॅमेरे पुन्हा शोधू लागली आहेत. त्यांनी घेण्याआधी बॅटरी आणि कार्ड आज मिळते का हे पाहावे, भिंग उजेडाकडे धरून बुरशी तपासावी. आणि ज्यांच्या घरी असा बंद कॅमेरा पडून आहे त्यांना विनंती, तो विकण्याआधी किंवा भंगारात देण्याआधी त्यातले कार्ड काढा. एक्सडी कार्ड आणि मेमरी स्टिक वाचणारी साधने दुकानांतून नाहीशी होत चालली आहेत. त्यांतले फोटो येत्या पावसाळ्याआधी उतरवून घ्या आणि कुठल्या गावाचे, कुठल्या वर्षाचे ते शेजारी लिहून ठेवा.