राणीचा कुंभार

नवा उद्योग काढणारा तरुण भांडवलाची चिंता करतो, यंत्रांची करतो, आणि माल सिद्ध झाल्यावर तो चार लोकांच्या नजरेत कसा भरवावा या प्रश्नापाशी येऊन अडतो. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील एका कुंभाराला हाच प्रश्न पडला होता. त्याने तो कसा सोडविला, आणि सोडविता सोडविता तो कोठवर जाऊन पोहोचला, हे आज सांगावयाचे आहे.

जोसाया वेजवुड 1730 साली स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेम गावी कुंभारांच्या घराण्यात जन्मला. बालपणी देवी येऊन त्याचा गुडघा अधू झाला. तो पाय पुढे 1768 मध्ये कापावा लागला. 1759 साली त्याने स्वतंत्र कारखाना काढला आणि माती, झिलई व भट्टीची आच यांवर अखंड प्रयोग करून मलईच्या रंगाची हलकी, सुबक भांडी तयार केली. तशी भांडी त्या भागातील इतर कुंभारही करीत असत, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी.

1765 मध्ये राणी शार्लटकडून चहाच्या संचाची मागणी आली. एका संचात मिळकत ती काय असणार! परंतु वेजवुडने त्या जातीच्या भांड्यांना ‘क्वीन्स वेअर’, म्हणजे राणीची भांडी, म्हणण्याची अनुज्ञा मिळविली आणि खप झपाट्याने वाढला. 1767 मध्ये लिव्हरपूलचा व्यापारी टॉमस बेंटली या आपल्या मित्राला त्याने लिहिले की, या खपाचे श्रेय मालाच्या गुणाला किती आणि तो लोकांपुढे ज्या थाटाने आला त्या थाटाला किती, याचे आपणांस नवल वाटते. यशाच्या भरात स्वतःला असा प्रश्न विचारणारे कारखानदार थोडेच.

पुढे हाच बेंटली त्याचा भागीदार झाला. दोघांनी लंडनमध्ये प्रदर्शनगृह थाटले. तेथे फळ्यांवर बशांची चवड न लावता जेवणाची मेजेच मांडून ठेवीत. माल प्रथम सरदारांच्या घरी चढ्या किमतीस जावा, आणि त्यांची हौस फिटत आली की मध्यम स्थितीच्या लोकांसाठी किंमत उतरावी, असा त्यांचा क्रम असे. गोऱ्या हातांची ऐट बायकांत टिकून आहे तोवर काळ्या चहादाण्यांना मरण नाही, असेही त्याने एकदा मिस्किलपणे लिहून ठेवले आहे! 1771 च्या सुमारास जर्मन सरदारांना न मागता भांड्यांची पार्सले पाठविण्याचे धाडसही त्यांनी केले. पैसे बहुतेकांनी चुकते केले, तरी माझ्या मते हा मार्ग अनुकरणीय नव्हे. घेणाऱ्याच्या भिडेवर चालणारा व्यापार आज ना उद्या अंगाशी येतो. फुटका निघालेला माल बदलून देण्याची त्याची हमी मला अधिक मोलाची वाटते.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी केलेला 952 नगांचा संच हा या साऱ्याचा कळस. प्रत्येक नगावर बेडकाचे चिन्ह आणि ब्रिटनमधील देखावे रंगविलेले होते. इतक्या श्रमांच्या मानाने नफा अल्पच झाला. पण संच रशियास धाडण्यापूर्वी 1774 मध्ये ग्रीक स्ट्रीटवरील दालनात तो तिकिटे देऊन लोकांना दाखविला, आणि पाहावयास खुद्द राणी आली. वृत्तपत्रांतील कितीही ओळींनी एवढे काम झाले नसते.

ही सारी विद्या 1787 मध्ये एका वेगळ्याच कार्यास लागली. गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी लंडनमध्ये मंडळ स्थापन झाले, त्यात वेजवुड होता. त्याच्या कारखान्यातून एक लहानसे पदक निघाले: पांढऱ्या भूमीवर गुडघे टेकलेला, साखळदंडांनी जखडलेला काळा मनुष्य, आणि ‘मी माणूस नाही काय? तुमचा भाऊ नाही काय?’ अशा अर्थाची अक्षरे. ही पदके विकली नाहीत, वाटली. बायकांनी ती कंकणांत व केसांच्या आकड्यांत बसविली, पुरुषांनी तपकिरीच्या डब्यांवर जडविली. 1788 मध्ये काही पदके फिलाडेल्फियास बेंजामिन फ्रँकलिनकडे गेली. उत्तम पुस्तिकेइतकाच परिणाम हे चित्र करील, असे त्याने कळविले.

पण येथेच मन अडते. वेजवुडची चहाची भांडी ज्या मेजांवर शोभत, त्या मेजांवर वेस्ट इंडीजची साखर असे, आणि ती गुलामांच्या श्रमांतून येई. चहाची आवड वाढली म्हणून चहादाण्या खपल्या, आणि चहाबरोबर साखरही खपली. त्याच्या संपत्तीचा हा धागा त्याच पापापर्यंत पोहोचत होता. 1791 मध्ये इंग्लंडातील पुष्कळ कुटुंबांनी ती साखर वर्ज्य करण्यास आरंभ केला. ज्या रुचीवर त्याचा धंदा पोसला होता तिच्यावरच हा घाव होता. तरी त्याने मंडळाची बाजू सोडली नाही. त्याची खरी परीक्षा, माझ्या मते, राणीच्या संचात नव्हे, येथे झाली.

3 जानेवारी 1795 रोजी वेजवुड वारला. गुलामांच्या व्यापारास बंदी करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने संमत केला तो 1807 मध्ये, त्याच्या मागे बारा वर्षांनी.